सापाची कात अडकलीय? आधी टँकमधली (त्याच्या काचेच्या पेटीतली) हवा बघा

हे डोळे बघा. निळसर, दुधाळ, एकदम धुरकट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं साप आंधळा होतोय की काय, पण तसं काही नाहीये, ही बॉल पायथन ह्या छोट्या अजगराच्या जातीची पाळीव मादी कात टाकायच्या बेतात आहे. जुन्या कातडीखाली नवीन थर तयार झालाय आणि दोघांच्या मध्ये शरीर पातळसा द्रव सोडतंय, त्यामुळे अंगाचा रंग मळका दिसतो, पोट गुलाबीसर होतं आणि डोळ्यांवर असे ढग येतात. सापाला पापण्या नसतात ना, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीसोबत तोसुद्धा बदलतो.

ह्या दिवसांत तिला नीट दिसत नाही, म्हणून ती घाबरलेली असते, कोपऱ्यात गप्प पडून राहते, खाणंही बहुतेक वेळा नाकारते. आपल्याकडे कुठल्याही अनुभवी सर्पमित्राला विचारा, डोळे धुरकट झालेला साप जास्त चिडका असतो हे तो लगेच सांगेल. म्हणून हातात घ्यायचं नाही, उंदीर पुढे करायचा नाही. मग डोळे परत स्वच्छ होतात आणि लोकांना वाटतं झालं, संपलं, पण खरी कात त्याच्यानंतर काही दिवसांनी निघते. ओठांपासून सुरू होते, साप नाक कुठेतरी खरबरीत जागी घासतो, कड सुटते आणि मग तो पुढे सरकत जातो आणि पायमोजा उलटा काढावा तशी अख्खी कात मागे राहते. डोक्यापासून शेपटीपर्यंत, एका तुकड्यात.

पण आता हे बघा. हिची कात तुकड्या-तुकड्यांत निघालीय. मानेवर पापुद्रे, पाठीवर सुरकुतलेले पट्टे, शेपटीच्या टोकाला टोपी अडकलेली आणि डाव्या डोळ्यावर अजून तोच कोरडा थर.

हे घर शिकागोच्या उपनगरात आहे, एका मराठी कुटुंबाचं, जानेवारी महिना, बाहेर बर्फ आणि आत दिवस-रात्र हीटिंग चालू. बाहेरची गोठलेली हवा आत घेऊन गरम केली की ती प्रचंड कोरडी होते, घरातली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते, माणसांचे ओठ फुटतात, हाताला भेगा पडतात. आणि ही सापाची जात कुठली, तर घाना, टोगो, बेनिन, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतली, उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत राहणारी. वर कितीही ऊन तापलेलं असू दे, बिळात खाली ओल टिकून असते. तिला साधारण ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते आणि कात टाकताना ७० असली तरी चालते. म्हणजे दोष सापाचाही नाही, कातडीचाही नाही, दोष हवेचा आहे, आणि हे एकदा लक्षात आलं की अर्ध्या चुका टळतात.

पहिली चूक म्हणजे ओढणं. कोरडी कात नखाने पकडून सोलायची नाही, कृपा करून नाही! खालची कातडी नवीन असते, कोवळी असते, ती सोबत निघून येऊ शकते आणि मग जखम, इन्फेक्शन, सगळंच आलं.

तर इथे काय केलं ते बघा. झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, त्यात कोमट पाणी, मनगटावर टाकलं तर गरमही वाटायला नको आणि गारही, थर्मामीटर लावलात तर २८ ते ३० डिग्री, आणि खोली एवढीच की साप त्यात पोहायला नको, पोट भिजलं पाहिजे आणि डोकं आरामात वर राहिलं पाहिजे. अर्धा तास, आणि तेवढा वेळ समोरून हलायचं नाही. मग ओला टॉवेल, पिळलेला, तो हातात सैल धरून तिला त्याच्यातून आपलीआपण सरकू द्यायचं. इथे जरा थांबून बघा, टॉवेलच्या दोऱ्यांना मानेवरचा पापुद्रा अडकतो, ती पुढे जाते, आणि तो भिजलेल्या कागदासारखा अलगद मागे सुटतो. कोणी ओढत नाहीये, जोर तिचा तिचाच आहे. नाही निघालं तर सोडून द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत.

शेपटीकडे मात्र दुर्लक्ष नको. टोकाला अडकलेली कात सुकली की आवळत जाते, रक्त पोचत नाही, टोक काळं पडतं आणि शेवटी गळून जातं. म्हणून भिजवून झाल्यावर ओल्या कापसाच्या बोळ्याने टोकाकडे हलकं हलकं चोळायचं. इथे दुसऱ्या दिवशी ती टोपी सुटली, खाली रंग नीट होता.

आता डोळा. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण लोक चिमटा घेतात, चिकटपट्टी लावतात. त्या खवल्याखाली थेट डोळा आहे. आणि तो खवला म्हणजे नुसती मेलेली काच नाही, २०१३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या केविन व्हॅन डोर्न आणि जेकब सिव्हाक यांनी कोचव्हिप जातीच्या सापांवर काम करून दाखवलं की त्यात रक्तवाहिन्या असतात आणि कात बदलायच्या काळात तिथला रक्तप्रवाह जोरात, सलग चालू राहतो. अशा जिवंत जागी चिमटा घालायचा?

ह्या कुटुंबाने सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरने भिंगातून बघितलं, एकच थर आहे, डोळा सुजलेला नाही, हात लावू नका, टँक सुधारा आणि पुढच्या कातीची वाट बघा. माइट्ससाठी, म्हणजे सापाचं रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांसाठी पण तपासलं, ते मिरीपूड सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके खवल्यांच्या फटीत, डोळ्याच्या कडेला बसतात आणि त्यांच्यामुळेसुद्धा कात अडकते. साप तासन्तास पाण्याच्या भांड्यातच बसून राहायला लागला तर हा संशय आधी घ्यावा. इथे नव्हते.

मग टँक. वरचं झाकण जाळीचं होतं, सगळी ओल तिथून उडून जात होती आणि वर दिवा, तो अजून सुकवत होता. तीन चतुर्थांश जाळी फॉइलने झाकली. काचेला चिकटवलेला काट्याचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, ६० दाखवत होता, तो काढून डिजिटल लावला तर आकडा आला ३४! खाली लाकडाचा भुसा होता तो काढून नारळाच्या सालीचे तुकडे घातले आणि पाणी फवारण्याऐवजी कोपऱ्यांतून खाली ओतलं, कारण फवारा मारला की आकडा चढतो आणि तासाभरात परत खाली येतो. एका लपायच्या डब्यात ओलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ. पण वरचा थर कोरडाच ठेवायचा हां, सतत ओल्यावर झोपली तर पोटाचे खवले सडतात, आणि गारठा आणि ओल एकत्र आली की छाती धरते. म्हणून गरम बाजू ३१-३२ डिग्रीवर कायम.

भारतात बसून बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नाग, धामण, आपला अजगर, असे देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. शेतात धुरकट डोळ्यांचा साप दिसला तर त्याला मदतीची गरज नाही, लांब राहा, तो त्याचं करून घेतो.

हिची पुढची कात अखंड निघाली. ती टेबलावर पसरून आधी शेपटीचं टोक बघितलं, मग डोकं. उजव्या डोळ्याच्या जागी एक गोल, पारदर्शक चकती आणि डाव्या डोळ्याच्या जागी दोन, एकीवर एक चिकटलेल्या. जुनी नवीबरोबर निघून आली. हीटिंग एप्रिलपर्यंत चालू राहणार, म्हणून फॉइलही तोपर्यंत तसंच राहणार आहे, आणि हायग्रोमीटरचा आकडा रोज सकाळी लिहायचं काम घरातल्या मुलीकडे आहे.