डबा ऐसपैस, अख्ख्या पेठेत: रस्त्यावरचा डिजिटल खेळ कसा बांधायचा

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा.]

नमस्कार. हा पाच लिटर तेलाचा डबा. धुऊन, वाळवून घेतलाय. मधोमध डबा, एकावर राज्य, बाकीचे लपलेले. राज्य घेणाऱ्याने बघितलं की नाव घेऊन 'ऐसपैस', आणि कोणी गुपचूप येऊन डबा उडवला की पकडलेले सगळे सुटले. हा खेळ तुम्हाला शिकवायची गरज नाही. आज तो पुण्याच्या कसबा पेठेत, २४ खेळाडूंसाठी, फोन आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स वापरून कसा उभा करायचा ते बघू. दोन-तीन जणांची छोटी डिजिटल एजन्सी हे काम आरामात करू शकते.

पहिला निर्णय सर्वात मोठा: यात जीपीएस वापरायचं नाही.

[नकाशा. गल्लीत एक निळं टिंब, ते सरकून शेजारच्या गल्लीत जातं.]

मोकळ्या मैदानात चांगल्या फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. पण दोन्ही बाजूंना चार-चार मजले आणि मध्ये अरुंद गल्ली असेल, तर उपग्रहाचा थेट सिग्नल अडतो आणि भिंतीवर आपटून आलेला सिग्नल फोनपर्यंत पोचतो. त्याला यायला किंचित जास्त वेळ लागतो, म्हणून फोनचं अंतराचं गणित चुकतं आणि टिंब शेजारच्या बोळात जाऊन बसतं. पेठेत शेजारचा बोळ म्हणजे वेगळी वाट, वेगळं वळण. 'पाच मीटरच्या आत आलास, पकडला गेलास' असा नियम ठेवलात तर पहिल्या दहा मिनिटांत भांडणं सुरू होतील, आणि खेळाडूंचंच बरोबर असेल.

हे खूप आधी दिसून आलंय. ब्रिटनमधला ब्लास्ट थिअरी हा कलाकारांचा गट आणि नॉटिंगहॅम विद्यापीठाची मिक्स्ड रिअ‍ॅलिटी लॅब यांनी २००१ मध्ये शेफील्डमध्ये 'कॅन यू सी मी नाऊ' हा खेळ केला. काही जण हातात छोटा संगणक आणि जीपीएस घेऊन खऱ्या रस्त्यावर धावत होते, आणि इंटरनेटवरून खेळणारे लोक त्याच शहराच्या नकाशावर पळत होते. तिथेही जीपीएस घसरायचं. धावणाऱ्यांना हळूहळू कळत गेलं, की कुठल्या कोपऱ्यावर सिग्नल बरा मिळतो आणि कुठे अजिबात नाही. मग त्यांनी त्याचाच डाव केला: सिग्नल नसलेल्या जागी दबा धरायचा आणि अचानक नकाशावर उगवायचं. यंत्राची चूक खेळात सामावून घेता येते, हे त्यांनी दाखवलं. आपल्या खेळात मात्र ती चूक शिरूच नये अशी सोय आहे, म्हणून आपण ती सोय वापरू.

दुसरं कारण अगदी व्यवहाराचं. खेळ ब्राउझरमध्ये चालवायचा, कारण खेळाच्या दिवशी २४ जणांना ॲप उतरवायला लावणं म्हणजे अर्धा तास गेला. आणि फोन लॉक करून खिशात टाकला की ब्राउझरमधलं पान लोकेशन पाठवणं थांबवतं. मग लोक सतत स्क्रीन चालू ठेवून, मान खाली घालून चालतात. रस्त्यावर हे धोक्याचं आहे. फोन खिशात आणि नजर गल्लीत, असाच खेळ हवा.

मग कोण कुठे आहे हे कळणार कसं?

[हातात १२ सेंटिमीटरचा क्यूआर कोड छापलेला फलक.]

पेठेत असे सहा फलक असतात. प्रत्येक स्कॅनला एक खूण मिळते. इथे डबा उडवायचा नाही, वाजवायचा; चार खुणा जमल्या की तो हक्क मिळतो. पण स्कॅन केलंत, की १५ सेकंदांनी त्या फलकाचा क्रमांक आपल्या खेळात राज्य घेणाऱ्या चौघांच्या फोनवर झळकतो. फलक आपणच लावलाय, त्यामुळे जागा नक्की माहीत असते, चूक शून्य. १५ सेकंदच का? चालणारा माणूस तेवढ्यात साधारण २० मीटर जातो, म्हणजे एक वळण पार करतो. तेवढी सवलत पुरते. १५ ऐवजी ६० सेकंद ठेवलेत तर राज्यवाले कायम रिकाम्या जागी पोचतात आणि कंटाळतात.

पकडायचं डोळ्यांनीच. प्रत्येकाच्या दंडावर मोठा आकडा. बघितलं, ओरडलं, '१७, ऐसपैस!' झालं.

फलकाकडे नीट लक्ष द्या. वाचायचं अंतर भागिले दहा म्हणजे कोडाचा आकार. एक मीटरवरून वाचायचा तर किमान १० सेंटिमीटर, आपण १२ घेऊ. वेब पत्ता ३२ अक्षरांच्या आत बसवा. मग २९ गुणिले २९ घरांचा कोड 'क्यू' पातळीच्या दुरुस्तीसह बनतो, आणि त्यातला साधारण २५ टक्के भाग मळला, फाटला तरी वाचता येतो. प्रत्येक घर सुमारे ४ मिलिमीटरचं. लांबलचक पत्ता घातलात तर घरं बारीक होतात आणि ओरखडे पडलेल्या कॅमेऱ्याचा जुना फोन तिथे हात टेकतो. चारही बाजूंना चार घरांइतकी पांढरी जागा सोडा, तिथे लोगो घुसवू नका. लॅमिनेशन मॅटच करा. चकचकीत लॅमिनेशनवर सकाळचं तिरपं ऊन पडलं की कॅमेऱ्याला पांढरा डाग दिसतो.

आता लबाडी. कोणीतरी फलकाचा फोटो काढून मित्रांना व्हॉट्सॲपवर पाठवणार, हे धरून चाला. म्हणून स्कॅननंतर एक प्रश्न येतो, ज्याचं उत्तर तिथे उभं राहूनच मिळतं: समोरच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक काय, डावीकडच्या दाराला पायऱ्या किती. प्रत्येक फलकाला असे चार प्रश्न ठेवा आणि खेळाडूगणिक बदलून द्या. ब्रिस्टलमध्ये २०१३ साली 'हॅलो लॅम्प पोस्ट' या प्रकल्पात दिव्याच्या खांबांवर आणि टपालपेट्यांवर देखभालीसाठी आधीपासून असलेले क्रमांक वापरले होते. लोक तो क्रमांक एसएमएसने पाठवायचे आणि खांब त्यांना प्रश्न विचारायचा. शहरावर नंबर आधीच लिहिलेले असतात. ते वापरा, एक रुपया खर्च होत नाही.

आता डबा.

[क्लोज-अप. झाकण उघडं, आत वायरी.]

डब्यावर ६० मिलिमीटरचं आर्केड बटण आहे. ते दाबलं की डबा वाजला पाहिजे, आणि पत्र्यासारखाच वाजला पाहिजे. छोटा बझर रिक्षांच्या आवाजात ऐकूच येत नाही. एलईडी उन्हात दिसत नाहीत. म्हणून आत १२ व्होल्टचा सोलेनॉइड आहे. वीज मिळाली की त्याचा दांडा पुढे येतो आणि आतून पत्र्यावर ठोका देतो.

[ठण्. ठण्. ठण्.]

मेंदू म्हणजे ईएसपी-३२ बोर्ड, वायफाय असलेला छोटासा संगणक. त्याची पिन सोलेनॉइडला थेट चालवू शकत नाही, म्हणून मध्ये मॉसफेट, म्हणजे पिनच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच, लागतो. इथे आयआरएलझेड-४४एन घ्या. दुकानात बऱ्याचदा आयआरएफझेड-४४एन हातात पडतो. नावात एका अक्षराचा फरक, पण तो ३.३ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही, तापतो आणि ठोका मरतुकडा येतो. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर १एन-४००७ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू प्लसकडे. तो विसरलात तर प्रत्येक ठोक्याला सोलेनॉइडमधली तारेची कॉइल उलटा झटका देते आणि बोर्ड रिसेट होतो. मॉसफेटच्या गेटपासून (बोर्डाची पिन जोडतो त्या पायापासून) ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर हवा, नाहीतर बोर्ड सुरू होताना डबा आपोआप वाजतो. मॉसफेटसाठी बोर्डाची पिन २५ घ्या. १२ नको, सुरू होताना बोर्ड त्या पिनकडे बघतो आणि कधीकधी अडून बसतो.

प्रोग्रॅममध्ये ठोका ६० मिलिसेकंदांचाच ठेवा. कोड कुठे अडकला आणि सोलेनॉइडला वीज मिळतच राहिली, तर कॉइल जळते. वॉचडॉग टायमर, म्हणजे कोड अडकला की बोर्ड आपोआप रिसेट करणारं घड्याळ, त्यासाठीच. आणि बटण एकदा दाबलं तरी आतले संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणून पहिल्या दाबानंतरचे ५० मिलिसेकंद सोडून द्या.

वीज १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या सीलबंद बॅटरीवरून घ्या, आणि बोर्डासाठी बक कन्व्हर्टर, जो १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो. पॉवर बँक नको. लोड कमी झाला की बऱ्याच पॉवर बँका आपणहून बंद होतात, आणि शांत बसलेला डबा फारच कमी वीज खातो.

यापुढची चूक जवळपास प्रत्येक जण करतो. बोर्ड पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावलं की वायफाय गेलं. पत्रा रेडिओ लहरी अडवतो. झाकण प्लास्टिकचं घ्या आणि बोर्ड त्याला खालून, अँटेना वरच्या बाजूला येईल असा चिकटवा. आणि फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा. ईएसपी-३२ ला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. नेट गेलं तरी डबा वाजला पाहिजे, म्हणून ठोक्याचा निर्णय बोर्डावरच होऊ द्या, सर्व्हरला निरोप नंतर जाईल. बटण कोणी दाबलं हे डब्याला कळायची गरज नाही. शेजारी आपला माणूस उभा असतो, तो खेळाडूच्या फोनवरच्या चार खुणा बघतो.

[पुन्हा कॅमेऱ्यासमोर.]

वायरिंगला हात लावायच्या आधी हा खेळ कागदावर खेळा. न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांनी २००४ मध्ये 'पॅक-मॅनहॅटन' असाच चालवला. पाच जण रस्त्यावर, पाच जण खोलीत, आणि प्रत्येक कोपऱ्यावर पोचलं की साधा फोन करून सांगायचं. खोलीतला साथीदार नकाशावर त्याची जागा बदलायचा. तुम्हीही सहा जण, सहा चिठ्ठ्या आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. नियम फुसका असेल तर इथेच कळेल, आणि चिठ्ठी बदलायला काहीच लागत नाही.

हद्द साधारण ३०० मीटर लांब-रुंद. पश्चिमेला शिवाजी रस्ता ही सीमा, तो ओलांडायचा नाही. त्यामुळे शनिवारवाडा हद्दीबाहेर राहतो, कितीही मोह झाला तरी. वेळ रविवारी सकाळी सात ते नऊ, एक डाव ४० मिनिटांचा. धावायचं नाही, चालायचं. जो धावला तो डब्याजवळ परत. या नियमाने वयाचा फरकही मिटतो, आजीसुद्धा राज्य घेऊ शकतात.

पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज करा. भिंतीवर काही चिकटवू नका. सार्वजनिक ठिकाणं विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. फलक दुकानदाराला विचारून त्याच्या दारात टांगा, नाहीतर स्वतःच्या स्टँडवर लावा. आणि आठवडाभर आधी गल्लीतल्या गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांना भेटा. दंडावर आकडे बांधलेली अनोळखी माणसं वाड्याच्या दारात डोकावतात तेव्हा रहिवाशांनी हटकणं अगदी योग्य आहे. मंडळाला माहीत असलं की तेच त्यांना समजावून सांगतात. शिवाय कुठला बोळ पुढे बंद आहे हे त्यांच्याइतकं नकाशालाही माहीत नसतं.

मुलं खेळणार असतील तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांचा डेटा घेण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आपण लोकेशन घेतच नाही. आकडा आणि टोपणनाव पुरतं, तेही संध्याकाळी पुसून टाका.

डाव संपला की आधी बॅटरीची प्लसची वायर काढा, मग फलक गोळा करा. लावले सहा, हातात आले सहा. पाचच आले असतील तर सहावा सापडेपर्यंत गल्ली सोडू नका.