विद्यार्थ्यांना नेमकं काय विचारावं?

सत्र संपत आलं की विद्यार्थ्यांपुढे अभिप्रायाचा फॉर्म येतो. पहिलाच प्रश्न बहुधा असा असतो: शिक्षकांचं विषयावर प्रभुत्व किती? एक ते पाच गुण द्या. आता जो विषय मुलं आयुष्यात पहिल्यांदाच शिकताहेत, त्यात समोरच्याचं प्रभुत्व किती हे ती कशावरून ठरवणार? आवाजावरून, ऐटीवरून.

आणि मुलंच असं करतात असं नाही. 1970 साली अमेरिकेत काही संशोधकांनी एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून उभं केलं. गेम थिअरी आणि वैद्यकीय शिक्षण असा भारदस्त विषय. भाषण परस्परविरोधी विधानांनी भरलेलं, पण हसतखेळत केलेलं. श्रोते मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ, म्हणजे मुरलेली मंडळी. त्यांनी भरभरून चांगले अभिप्राय दिले. एकाने तर या फॉक्ससाहेबांचं लेखन आपण वाचलं आहे, असंही लिहून टाकलं!

अर्थात एका तासात कुणीही फसेल. सत्रभराच्या सहवासात तसं होणार नाही, असं तुम्ही म्हणाल. म्हणून मला स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांचा 2010चा अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी वायुसेनेच्या अकादमीत विद्यार्थी शिक्षक निवडत नाहीत, वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते, आणि परीक्षा सगळ्यांना सारखीच. तिथे कॅल्क्युलसच्या पहिल्या कोर्समध्ये ज्यांच्या मुलांना चांगले गुण मिळाले, त्या शिक्षकांना अभिप्रायही चांगले मिळाले. पण पुढच्या, त्यावर आधारलेल्या कोर्समध्ये हीच मुलं सरासरीने मागे पडली. पाया पक्का करून घेणाऱ्या शिक्षकांवर मात्र त्या वेळी मुलं नाराज होती.

2019 मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत असंच दिसलं. गटात बसून स्वतः गणितं सोडवणारी मुलं चाचणीत पुढे होती, पण ‘आपण जास्त शिकलो’ असं वाटलं ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. घोटीव व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतंच. (मीही आत्ता व्याख्यानच देतोय, तेव्हा सांभाळून.)

मग हे फॉर्म बंद करायचे का? मुळीच नाही. वर्गात रोज काय घडतं, हे मुलांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. प्राचार्य एखाद्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसतात, आणि त्या दिवशी आपण सगळेच फार छान शिकवतो. तास वेळेवर सुरू होतो का? फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून दिसतं का? तपासलेले पेपर परत मिळतात का, त्यावर काही लिहिलेलं असतं का? शंका विचारली तर उत्तर मिळतं की टोमणा? हे मुलांनाच विचारा. ‘शिक्षक किती प्रभावी आहेत’ हे विचारू नका.

सरासरीबद्दलही थोडं बोलतो. साठ जणांच्या वर्गात अठरा जणांनी फॉर्म भरला, त्यातले काही फार खूश, काही फार चिडलेले. आणि त्यावरून 4.1 मिळालेल्या शिक्षकापेक्षा 4.3 मिळालेला चांगला ठरवून बढतीच्या फाइलला तो कागद जोडायचा, याला माझा साफ विरोध आहे.

आणि विचारायचं तर सत्राच्या मध्यावर विचारा, म्हणजे विचारलेल्याचा उपयोग त्याच मुलांना होईल. पुढच्या तासाला उत्तरं वर्गात वाचून दाखवा. निम्म्या वर्गाने ‘गृहपाठ कमी करा’ असं लिहिलेलं असेल. तो कमी करणार नसाल, तर का नाही, हे दहा मिनिटं खर्चून त्यांना नीट सांगा.