गिंको थांबू शकत नाही, किनो थांबत नाही

एकटा प्रवासी, दर भागात नवं गाव, नवी माणसं, आणि भाग संपला की पुढची वाट. एवढ्या साम्यावर ‘मुशिशी’ आणि ‘किनोज जर्नी’ या दोन ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका कायम एका दावणीला बांधल्या जातात. ‘एक आवडली तर दुसरी बघा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो मानून बसलेले बरेच जण तिसऱ्या-चौथ्या भागात उठून जातात. पहिलीने लावलेली सवय दुसरीत कामाला येत नाही. हे का होतं ते समजून घ्यायचं असेल तर एकच प्रश्न धरून चालू या: हा प्रवासी मुक्काम का हलवतो?

आधी जुजबी माहिती. ‘मुशिशी’ ही युकी उरुशिबारा यांची मांगा (जपानी चित्रकथा), १९९९ ते २००८ या काळात आलेली. तिच्यावरची २६ भागांची मालिका हिरोशी नागाहामा यांनी आर्टलँड स्टुडिओत केली, २००५-०६ मध्ये. ‘किनो’चं मूळ केइइची सिगसावा यांच्या लाइट नॉव्हेल्समध्ये (तरुण वाचकांसाठीच्या छोट्या सचित्र कादंबऱ्यांमध्ये), पहिलं पुस्तक २००० सालचं. २००३ मध्ये र्‍युतारो नाकामुरा यांच्या दिग्दर्शनाखाली १३ भाग झाले. २०१७ मध्ये दुसऱ्या स्टुडिओने १२ भागांची नवी आवृत्ती काढली. तिच्याकडे नंतर येऊ.

आता प्रश्नाकडे. ‘मुशिशी’चा प्रवासी गिंको. त्याचं न थांबणं शरीरातलं आहे. मुशी म्हणजे ना वनस्पती ना प्राणी, जिवाच्या अगदी मुळाशी असलेले, बहुतेकांना न दिसणारे जीव. गिंकोकडे ते आपोआप ओढले जातात. तो एका जागी फार दिवस राहिला तर त्या जागेवर मुशींची गर्दी होते आणि तिथल्या माणसांना त्रास सुरू होतो. तोंडात सतत असणारी ती सिगारेट शौक म्हणून नाही, तिच्या धुराने मुशी लांब राहतात. किनोचं उलट आहे. तिच्या अंगात काही नाही, तिचा नियम आहे: एका देशात तीन दिवस, दोन रात्री. तेवढ्यात देश बऱ्यापैकी कळतो, आणि त्याहून जास्त राहिलं तर बस्तान बसेल, अशी तिची भूमिका. गिंको गावाला वाचवण्यासाठी निघतो, किनो स्वतःतला प्रवासी वाचवण्यासाठी. कथेची सगळी बांधणी इथून वेगळी होते.

‘मुशिशी’चा भाग बहुधा लक्षणापासून सुरू होतो. पाठीवर कप्प्यांची लाकडी पेटी घेऊन येणारा गिंको पाहून आपल्याकडचा वैदू आठवतो, आणि ते तितकंसं चूक नाही. तिसरा भाग घ्या, ‘कोवळी शिंगं’. डोंगरातलं बर्फाचं गाव, आणि गावातल्या एकेकाचा एकेक कान बहिरा होत चाललेला. गिंको कानात डोकावतो, तर आत गोगलगायीसारखा मुशी बसलेला. हा आवाज खातो. एरवी रानात राहतो, पण बर्फ सगळे आवाज गिळून टाकतं तेव्हा उपाशी पडून वस्तीकडे येतो. उपाय साधा: कानात मिठाचं पाणी. इथे भाग संपायला हरकत नव्हती. पण माहो नावाच्या मुलाला ऐकू यायचं बंद झालेलं नाही. उलट नको इतकं ऐकू येतं, आणि त्याच्या कपाळावर शिंगं उगवली आहेत. त्याच्या कानात वेगळाच मुशी आहे. पहिला आवाज खाऊन शांतता मागे ठेवतो, हा ती शांतता खातो. याच्यावर मिठाचं पाणी चालत नाही. उत्तर सापडतं ते मुलाच्या वारलेल्या आईच्या एका सवयीत: दोन्ही तळहात कानांवर दाबून धरणं. तळहात दाबले की आत एक गंभीर घरघर ऐकू येते, स्वतःच्याच देहाची. ती बंद करता येत नाही, म्हणून त्या मुशीला हवी असलेली शांतता कधी मिळतच नाही.

क्रम लक्षात घ्या: लक्षण, तपासणी, पहिलं निदान, त्यात न बसणारा एक रुग्ण, घरातला इतिहास, मग उपाय. गिंकोकडे वेळ आहे. तो कधी ऋतू बदलेपर्यंत राहतो, कधी वर्षांनी परत येतो. ‘जड बी’ या नवव्या भागात तर सगळी गोष्ट पिकाच्या वेळापत्रकाने चालते. दुष्काळातही गावाला भरघोस पीक देणारं एक बी, आणि मोबदल्यात एक माणूस. ज्याच्यावर पाळी येणार त्याच्या तोंडात जास्तीचा एक दात फुटतो. सुगी होईपर्यंत गावाला आणि आपल्यालाही वाट बघावी लागते, आणि भागातली भीती त्या वाट बघण्यातच आहे. गिंकोला माहीत असलेलं सगळं लगेच उपयोगाला येईल असंही नाही. चौथ्या भागात, ‘उशीची वाट’मध्ये, तो औषध देतो, इशारा देतो, निघून जातो, परत येतो तेव्हा गाव उरलेलं नाही. बरं होणं हा या मालिकेचा करार नाही. ज्याला हे उमगत नाही तो दहा भागांनंतर ‘हा काही करत का नाही’ म्हणून वैतागतो.

किनोकडे ऋतू नाही, तीन दिवस आहेत. म्हणून भाग वेशीपाशी सुरू होतो: पहारेकरी, कागदपत्रं, किती दिवस, शस्त्रं आहेत का. मग आंघोळीची सोय असलेलं स्वस्त हॉटेल. सोबतीला हर्मीस, म्हणजे बोलणारी मोटारसायकल. आपल्या मनातला आगाऊ प्रश्न तीच विचारते, त्यामुळे किनोला भाषण करावं लागत नाही. एवढ्या थोड्या वेळात देशाचं गुपित शोधून काढणं शक्य नसतं. मग ते कळतं कसं? कोणीतरी स्वतः सांगतं. उद्या कायमची जाणाऱ्या परक्यापुढे माणूस मोकळा होतो, आणि सिगसावांची सगळी यंत्रणा या एका निरीक्षणावर चालते.

पाचव्या भागातला बहुमताचा देश बघा. रस्ते ओस, बाहेर कबरीच कबरी, आणि एकच माणूस शिल्लक. तो अभिमानाने सांगतो: राजाला हटवून आम्ही सगळं मतदानाने ठरवायला लागलो. राजाला मृत्युदंड द्यायचा, मंजूर. मग ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांना, तेही मंजूर. दर वेळी अल्पमतात गेलेले कमी होत गेले. किनो वाद घालत नाही. फक्त विचारते, मी आणि हर्मीसने आत्ता म्हटलं की तुमचं चुकतंय, तर? दोन विरुद्ध एक. माणूस घाबरून त्यांना निघून जायला सांगतो. पूर्ण भागात तिचा हस्तक्षेप एवढाच, एका वाक्याचा, आणि तोही त्या देशाच्याच नियमाने केलेला.

त्यामुळे किनो म्हणजे नुसती तटस्थ साक्षीदार, हे वर्णन मला पटत नाही. सहाव्या-सातव्या भागांतल्या ‘कोलिझियम’मध्ये आत आलेल्या प्रत्येकाला लढावंच लागतं, आणि विजेत्याला एक नवा कायदा करायचा हक्क मिळतो. ती जिंकते, आणि राजावर गोळी झाडून तो हक्क असा वापरते की देश आपल्याच खेळात सापडतो. गिंकोने हे कधी केलं नसतं. त्याच्या लेखी मुशी दुष्ट नाहीत, ते जगतायत इतकंच, म्हणून शिक्षा करायची कोणाला? किनोसमोर मात्र दर वेळी माणसांनी ठरवून केलेली व्यवस्था असते.

चित्र आणि आवाजाचंही असंच. ‘मुशिशी’चं शीर्षकगीत ॲली केर या स्कॉटिश गायकाचं, गिटारवरचं हळू गाणं, पण खरं काम तोशिओ मासुदा यांच्या संगीताचं आहे. शेवटची श्रेयनामावली दर भागाला स्वतःच्या वेगळ्या धूनवर चालते. ती कापू नका. पुढचा भाग आपोआप सुरू करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक गोष्टीचा शेवट दुसऱ्या गोष्टीच्या सुरुवातीत विरून जातो. ‘किनो’मध्ये नाकामुरांनी पडद्यावर बारीक आडव्या रेषा ठेवल्या आहेत, जुन्या टीव्हीसारख्या; तुमची फाइल बिघडलेली नाही. मधेच शब्दांच्या पाट्या येतात, रंग मळकट आहेत. हेच दिग्दर्शक ‘सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन’ या गूढ, प्रयोगशील ॲनिमेचे, हे कळलं की आश्चर्य वाटत नाही.

२०१७ ची आवृत्ती स्वच्छ, चकचकीत आहे आणि मला ती दुय्यम वाटते. याचं कारण रंग नव्हे, वेळ. जुन्या मालिकेने दोन भाग घेतलेलं ‘कोलिझियम’ तिथे एका भागात आटोपतं. लढती राहतात, देश कसला आहे हे कळण्याआधीच तो मागे पडतो. ‘मुशिशी’च्या २०१४ च्या पुढच्या पर्वाला हा त्रास झाला नाही: तोच दिग्दर्शक, तोच संथपणा.

बघायचं कसं? ‘मुशिशी’ एका बैठकीला दोन भागांपेक्षा जास्त नको. क्रम मोडला तरी चालतं, पण गिंकोचं बालपण सांगणारा बारावा भाग पाच-सहा भाग बघितल्याशिवाय लावू नका, त्याआधी त्याचे पांढरे केस आणि एकच डोळा यांचं कुतूहल तयार झालेलं नसतं. ‘किनो’ मात्र २००३ ची, एक ते तेरा, ओळीने. चौथा भाग किनोचं नाव कुठून आलं ते सांगतो, आणि पहिले तीन भाग तिला ओळखत असल्याच्या भ्रमात तुम्हाला ठेवतात. तो भ्रम हवाच. तेराव्यात ती तीन दिवसांचा नियम मोडून मुक्काम वाढवून मागते आणि तिला नकार मिळतो. नकार का मिळतो ते इथे सांगत नाही, पण आधीचे बारा भाग वगळून थेट तिथे गेलात तर ती मागणी किती मोठी आहे हे कळणार नाही.