६० ग्रे, ३० फ्रॅक्शन

(पडद्यावर उपचाराच्या फाईलमधली एक ओळ: ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन, आठवड्यातून ५ दिवस.)

कॅन्सरवरच्या रेडिएशनचा, म्हणजे किरणांचा, सहा आठवड्यांचा उपचार या एका ओळीत मावतो. फ्रॅक्शन म्हणजे एका फेरीत दिला जाणारा मात्रेचा हिस्सा. डॉक्टरांची ही रोजची भाषा. घरच्यांना मात्र त्यातला ३० हा आकडा तेवढा दिसतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या फेऱ्या कशाला? काय ते एकदाच जोरात देऊन टाकता येत नाही का?

प्रश्न रास्त आहे.

आधी ग्रे, म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक. एक किलो ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली की झाला एक ग्रे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लुई हॅरॉल्ड ग्रे यांचं नाव या एककाला १९७५ मध्ये मिळालं. ज्यूलच्या हिशेबात ही ऊर्जा अगदीच किरकोळ. सगळे ६० ग्रे एकदम दिले, तरी ऊतीचं तापमान एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकंही वाढणार नाही. किरणांनी गाठ जाळतात, असं सर्रास बोललं जातं. पण जाळण्यापुरती उष्णता इथे नसतेच.

मग घडतं काय? पेशीत बहुतांश पाणी असतं. किरणांच्या ऊर्जेने त्या पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून फ्री रॅडिकल्स, म्हणजे चटकन अभिक्रिया करणारे कण, तयार होतात आणि ते डीएनएला इजा करतात. काही वेळा घाव थेट डीएनएवरच बसतो. डीएनएचा एक धागा तुटला तर पेशी तो सहसा सांधते. दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी तुटले की काम अवघड होतं. तरीही पेशी तिथल्या तिथे मरत नाही. बऱ्याच पेशी पुढे काही काळ धडधाकट दिसतात आणि विभाजनाची वेळ आली की कोसळतात. हे ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

(जुन्या प्रयोगशाळेची कृष्णधवल दृश्यं.)

पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो या संशोधकाने मेंढ्यांवर प्रयोग केले. वृषणात पेशींचं विभाजन सतत चालू असतं, म्हणून गाठीच्या जागी त्याने वृषण घेतलं. एका बैठकीत मोठी मात्रा दिली, तर मेंढा निर्बीज व्हायच्या आत वरची त्वचा खराब व्हायची. मात्रा काही दिवसांवर वाटून दिली, तर हेतू साधायचा आणि त्वचाही वाचायची. त्याचाच सहकारी आंरी कुतार याने ही पद्धत घशाच्या कॅन्सरवर वापरली. आज फाईलमध्ये लिहिलं जाणारं फ्रॅक्शन तिथून आलं.

यामागचं गणित दुरुस्तीचं आहे. निरोगी पेशी दोन फ्रॅक्शनांमधल्या तासांत बरीचशी डागडुजी उरकतात. कॅन्सरच्या पेशींना ती तितकी जमत नाही. शिवाय गाठीच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी पोचतो आणि ऑक्सिजन नसेल तर किरणांचा जोर घटतो. बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्या भागाला ऑक्सिजन मिळू लागतो, आणि पुढचं फ्रॅक्शन तिथेही लागू पडतं.

पण रोज २ ग्रे म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ४० ग्रे १५ फ्रॅक्शनांत देणं आता सर्वमान्य आहे. फेऱ्या कमी, पण प्रत्येक फेरीत मात्रा जास्त, याला हायपोफ्रॅक्शनेशन म्हणतात. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेवर तर बहुतेकदा ८ ग्रेचं एकच फ्रॅक्शन पुरतं. ते पॅलिएटिव्ह रेडिएशन. हा शब्द ऐकताच ‘आता काही उरलं नाही’ असा अर्थ लावला जातो, आणि तो चुकीचा आहे. इथे उद्देश त्रास कमी करण्याचा असतो, आणि असा उपचार घेतलेले कित्येक रुग्ण पुढे दीर्घकाळ जगतात.

(सीटी स्कॅनची प्रतिमा. एकात एक तीन रेघा उमटतात.)

या तीन रेघांवर सगळी आखणी उभी असते. आतली रेघ म्हणजे जीटीव्ही: स्कॅनवर दिसणारी गाठ. तिच्याभोवती सीटीव्ही: गाठीच्या आसपास न दिसणाऱ्या पेशी जिथवर गेल्या असाव्यात, तो भाग. सर्वांत बाहेर पीटीव्ही: श्वासाची हालचाल, रोजच्या झोपण्यातला फरक, यासाठी सोडलेली जागा. शेवटच्या रेघेत निरोगी ऊतीही सापडतात. म्हणूनच डोक्या-मानेच्या उपचारात चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा बसवतात. रुग्ण जितका स्थिर, तितकी बाहेरची रेघ आत आणता येते. मुखवटा जाचतो हे खरं, पण मणक्यातला मज्जारज्जू, डोळ्यांच्या नसा, लाळग्रंथी त्यामुळेच वाचतात.

दुष्परिणामांचेही दोन हिशेब असतात. तोंडाचं अस्तर, त्वचा इथल्या पेशी भराभर विभागतात, म्हणून तिथला त्रास दोन-तीन आठवड्यांतच दिसू लागतो. म्युकोसायटिस, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा दाह, हा त्यातलाच. मज्जारज्जूसारख्या ऊतींना इजा झालीच, तर ती कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी समोर येते. एका फ्रॅक्शनची मात्रा जितकी मोठी, तितका या उशिराच्या इजेचा धोका जास्त. मज्जारज्जू शेजारी असेल तर डॉक्टर घाई का करत नाहीत, ते यावरून कळावं.

एक भीती मात्र विनाकारण आहे. लिनॅक यंत्रातून बाहेरून किरण घेतलेला माणूस किरणोत्सर्गी होत नाही. घरी जाऊन त्याने मुलांना खुशाल कुशीत घ्यावं. शरीरात किरणोत्सर्गी स्रोत कायमचा ठेवला असेल किंवा किरणोत्सर्गी आयोडीन दिलं असेल, तर नियम वेगळे.

(शेवटच्या फ्रॅक्शनचा दिवस.)

आता ती मघाची गोष्ट. पेशी विभागताना मरतात, म्हणून उपचार संपल्यावरही गाठ आकसत राहते. लगेच स्कॅन काढला तर सुजेमुळे ती आधीपेक्षा मोठीसुद्धा दिसू शकते. मेंदूच्या गाठींमध्ये याला स्यूडोप्रोग्रेशन असं नावच आहे, आणि निव्वळ त्या चित्रावरून आजार वाढला असं ठरवता येत नाही. मानेच्या, घशाच्या कॅन्सरमध्ये तर पेट स्कॅनसाठी (यात सक्रिय पेशी उजळून दिसतात) साधारण १२ आठवडे थांबतात. त्याआधी काढला, तर उपचाराने आलेली सूजही आजारासारखीच उजळून दिसते.