बेअरिंग आत, टब बंद

एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा 45 अंशांवर जातो आणि पंखा रात्रंदिवस चालतो. जुना पंखा मंद पडला की बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. अडीच एमएफडी (मायक्रोफॅरड) क्षमतेचा नवा आणायचा, वायरी जोडायच्या, झालं. नव्या बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीच्या, पंख्यात सर्किट असतं. तो 75 ऐवजी 30-35 वॅटवर चालतो, ही बचत खरी आहे. पण काही पंख्यांत ते सर्किट रेझिनमध्ये, म्हणजे कडक राळेत, गोठवलेलं असतं. ओल लागू नये म्हणून, हे कारण पटतं. तरी एक सुटा भाग बदलायला रेझिन खरवडलं, की खालच्या तांब्याच्या पट्ट्या उखडतात. मग अख्खं सर्किटच घ्या, तेही त्याच मॉडेलचं.

खरी अडवणूक आहे पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनमध्ये.

मशीन बंद करा, दार उघडा, ड्रमची कड धरून वर उचलून पाहा. ड्रम खडखडला, तर बेअरिंग गेलं. मागचं पाणी अडवणारं रबरी ऑइल सील झिजतं, साबणाचं पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं, गोळ्या गंजतात. कपडे पिळताना घरभर घरघर ऐकू येते ती यामुळेच.

या बेअरिंगवर 6205, 6206 असे नंबर कोरलेले असतात. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांकडे हे नंबर नेहमीचे. दोन बेअरिंग आणि सील काही शे रुपयांत येतात. पण अनेक मॉडेलमध्ये टबचे, म्हणजे ड्रमभोवतीच्या पाणी धरणाऱ्या डब्याचे, दोन्ही अर्धे भाग वेल्ड करून जोडलेले असतात. कारखान्यात वेळ वाचतो, गळतीही कमी होते. ग्राहकाला मात्र टब, ड्रम सगळं नवं घ्यावं लागतं, हजारोंचं.

जाणता मेकॅनिक असा टब कापतो. पण आधी जोडाच्या कडेनं, साधारण चार-चार इंचांवर, बोल्टसाठी आरपार भोकं पाडून घेतो. आधी कापलं, तर दोन्ही भाग पुन्हा नेमके जुळत नाहीत आणि टब गळतो. मग बारीक दात्यांची करवत. ड्रम निघाला की मागचा तीन पायांचा अॅल्युमिनियमचा सांगाडा तपासायचा; साबणाचा थर साचून तो खाल्ला जातो, आणि बोअरच्या जड पाण्यात साबण जास्तच लागतो. नवं बेअरिंग बसवताना ठोका फक्त बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर मारलं, तर नवंही खराब झालंच. शेवटी सिलिकॉन, स्टीलचे नट-बोल्ट, एक दिवस वाळवण, आणि मग पाणी भरून पाहणं.

फ्रान्समध्ये 2021 पासून अशा मशीनवर दुरुस्तीचे गुण, म्हणजे ते किती सहज दुरुस्त होतं याचे गुण, दाखवावे लागत; 2025 मध्ये त्यांची जागा टिकाऊपणाच्या गुणांनी घेतली, त्यात दुरुस्तीही मोजतात. आपल्याकडे केंद्र सरकारनं 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. पोर्टलवर माहिती मिळते. टब स्क्रूचा करा, असं कंपनीला कुणी बजावलेलं नाही. आम्हाला ते हवं आहे.

तोवर विकत घेण्याआधी सुट्या भागांची यादी मागा. टबचा पुढचा भाग, मागचा भाग, सील, बेअरिंग यांचे नंबर वेगवेगळे असतील, तर टब उघडतो. सगळ्यांना मिळून एकच नंबर असेल, तर तो बहुधा वेल्डचा.