लियाँच्या मैदानावरचा कर्णधार

मित्रहो, आज गोष्ट क्लाइव्ह सलिव्हनची, पण आधी त्याचा खेळ. रग्बी लीग म्हटलं की आपल्याकडे नुसती रग्बीच डोळ्यांपुढे येते. पण हे दोन वेगळे खेळ आहेत. 1895 साली हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी जुन्या रग्बी युनियन संघटनेशी फारकत घेतली. कारण पोटाचं होतं. शनिवारी खेळायला गेलेल्या खाण-गिरणी कामगाराची मजुरी बुडायची आणि ती भरून द्यायला संघटना तयार नव्हती. या नव्या खेळात पुढे एका बाजूला तेरा गडी झाले. पकड झाली की कबड्डीसारखा गडी बाद होत नाही. तो उठतो, टाचेनं चेंडू मागे सरकवतो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा.

क्लाइव्ह सलिव्हन याच खेळात मोठा झाला. 1943 साली वेल्समधल्या कार्डिफ शहराच्या स्प्लॉट भागात जन्मला. लहानपणी पायांवर शस्त्रक्रिया झाल्या. हा पोर धड चालेल की नाही, याचीच शंका होती. कृष्णवर्णीय घरातला हा मुलगा. वेल्सच्या रग्बी युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला 1980चं दशक उजाडावं लागलं, म्हणून कार्डिफची अशी गुणी पोरं उत्तरेची वाट धरत. कार्डिफचाच कृष्णवर्णीय खेळाडू बिली बोस्टन त्याच्या आधी गेला होता. सलिव्हन सैन्यात असताना 1961 साली उत्तर इंग्लंडमधल्या हल शहराच्या हल एफसी या क्लबनं त्याला एका सामन्यात आजमावून पाहिलं, तेही नाव जाहीर न करता. त्यानं तीन ट्राय केले, म्हणजे तीनदा चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला. लगेच करार झाला, आणि पुढे त्या क्लबसाठी त्यानं 250 ट्राय केले.

1972च्या विश्वचषकात तो ग्रेट ब्रिटनचा कर्णधार होता. कुठल्याही मोठ्या खेळात ब्रिटनचं नेतृत्व करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. इंग्लंडच्या फुटबॉल संघाला तसा कर्णधार मिळायला 1993 उजाडलं! अंतिम सामना फ्रान्समध्ये, लियाँला, समोर ऑस्ट्रेलिया. आपल्याच अर्ध्यात चेंडू हाती लागला आणि हा कडेकडेनं सुटला. जवळपास 80 यार्ड. मागून येणारे येतच राहिले, कुणाच्या हाती लागला नाही. मला या माणसाविषयी सगळ्यात जास्त काय आवडत असेल, तर ती धाव. जादा वेळेनंतरही 10-10 अशी बरोबरी राहिली, पण साखळीत ब्रिटननं ऑस्ट्रेलियाला हरवून सरस कामगिरी केली होती, त्यामुळे चषक ब्रिटनचा. पुढच्या पन्नास वर्षांत तो पुन्हा त्यांच्याकडे आला नाही.

हल शहरात दोन क्लब आणि हाडवैर. सलिव्हन दोन्हीकडून खेळला. 1980 साली लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेल्या, क्लबांच्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो हलच्या दुसऱ्या क्लबकडून, हल केआरकडून, आपल्या जुन्या क्लबाविरुद्ध उतरला आणि जिंकला. तरी जुन्या क्लबाची माणसं त्याच्यावर रुसली नाहीत. 1985 साली कॅन्सरनं तो गेला, अवघा 42 वर्षांचा. पश्चिमेकडून हलमध्ये शिरणाऱ्या हमरस्त्याला आता 'क्लाइव्ह सलिव्हन वे' म्हणतात. कामावर निघालेली दोन्ही क्लबांची माणसं रोज सकाळी त्याच रस्त्यानं शहरात येतात.