शिवणघरातला पुतळा आणि काचेआडचा पुतळा

श्रोतेहो, ‘मॅनेक्विन’ हा शब्द फ्रेंचमधून जगभर गेला असला, तरी त्याचे मूळ ‘छोटा माणूस’ या अर्थाच्या डच शब्दात आहे. आपण त्याला सरसकट पुतळा म्हणतो आणि तिथेच घोळ होतो, कारण शिवणघरातला पुतळा आणि दुकानातल्या काचेआडचा पुतळा यांची कामे परस्परविरुद्ध आहेत.

मोजपट्टी घेर सांगते, आकार सांगत नाही. दोघींच्या छातीचे माप नेमके ९२ सेंटीमीटर भरले, तरी एकीचा घेर पाठीच्या गोलाईने भरलेला असतो आणि दुसरीचा पुढच्या उभाराने. एकाच मापावर दोघींचे कपडे बेतले, तर पहिलीच्या पाठीवर कापड ताणते आणि दुसरीच्या मुंढ्यापाशी झोल पडतो. हा फरक वहीतल्या आकड्यांत दिसत नाही. मांजरपाटाचा कच्चा नमुना पुतळ्यावर टाचण्यांनी बसवला की तो लगेच डोळ्यांत भरतो. म्हणूनच जाणते कारागीर तयार पुतळ्यावर कापसाची भर घालून त्याला गिऱ्हाइकाच्या अंगाची ठेवण देतात. चढलेला खांदा, पुढे झुकलेली मान, पाठीचा बाक, सारे त्यात उतरते.

उरेब, म्हणजे धाग्यांना तिरके कापलेल्या, कापडाच्या बाबतीत तर पुतळ्याला पर्यायच नाही, असे मी म्हणेन. असे कापड स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरते, त्यामुळे घेराची कड दुमडण्याआधी कपडा रात्रभर पुतळ्यावर लटकत ठेवावा लागतो, आणि इतका वेळ कोणते माणूस स्तब्ध उभे राहील? उरेब कापडाचे सौंदर्य जगाला दाखवणाऱ्या फ्रेंच वेशकार मादलेन व्हिओने लहानशा लाकडी पुतळीवर कापड प्रत्यक्ष गुंडाळूनच आपले नमुने घडवत असत.

काचेआडचा पुतळा मात्र पाहणाऱ्याच्या शरीरालाच कपड्याच्या मापात बसायला सांगतो. पूर्वी तो मेणाचा, जड आणि उष्णतेने वितळणारा होता. पुढे फायबरग्लास आले. १९९२ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले, की दुसऱ्या महायुद्धानंतरचे पुतळे आधीच्या पुतळ्यांपेक्षा बारीक होत गेले आणि अलीकडच्या पुतळ्यांसारखा बांधा असलेल्या स्त्रीला बहुधा मासिक पाळीच येणार नाही. त्यातही कपडा चापूनचोपून दिसावा म्हणून तो पाठीमागून टाचण्यांनी आवळलेला असतो. न बसणारा कपडा पाहून आपल्याच अंगात खोट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा त्या पुतळ्याच्या मागे जाऊन पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वस्तुसंग्रहालयांत हा क्रम पुन्हा उलटतो. जुना पोशाख उसवता येत नाही की त्याला नवी टीप घालता येत नाही, म्हणून तिथे पुतळाच तासून बारीक करतात आणि मग पोशाखाच्या आतून हवी तिथे भर घालत जातात. तो पोशाख वापरणाऱ्या व्यक्तीचा एक खांदा उतरता होता, हे शिवणीवरून कळले, तर पुतळ्याचा खांदाही तितकाच उतरवला जातो.